लिस्बनच्या चढणीवर

गावात आम्ही दोघं रस्त्याने शेजारी शेजारी कधी चाललो नाही. एकजण चार पावलं पुढे, दुसरी मागे, असाच आमच्याकडचा रिवाज. पुढच्याच्या खांद्यावर पिशवी, मागचीच्या कडेवर मूल. मुलं मोठी झाली, कडेवरचं ओझं उतरलं, अंतर मात्र चार पावलांचंच राहिलं. बावीस वर्षांत ते कुणाला खटकलंही नाही. गेल्या मे महिन्यात लिस्बनला गेलो आणि पहिले पाच दिवस नुसते चालत राहिलो, तेव्हा ते पहिल्यांदा लक्षात आलं.

नव्या वाचकांसाठी सांगतो. आमच्यातली एक उर्दू हायस्कूलात उर्दू आणि मराठी शिकवते, दुसऱ्याचं रेवदंड्याच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. या सदरात दोघांच्या वतीने ‘आम्ही’ लिहायची सवय जडली आहे. जिथे दोघांचं मत वेगळं असेल तिथे तसं कबूल करू.

नात्यातल्या काहींनी ‘उमऱ्याचे पैसे युरोपात उडवले’ असं म्हटल्याचं कानावर आलं. उमऱ्याचे पैसे पोस्टात होते तिथेच आहेत. आम्ही गेलो ते छोटूला भेटायला. छोटू म्हणजे मरहूम आपांचा धाकटा. सहा वर्षांपूर्वी तो तिकडे गेला, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. राहण्याच्या परवान्याचे कागद एका दफ्तरात अडकले आहेत, आणि ते हातात पडण्याआधी देश सोडला तर परत आत येता येईल याची खात्री नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसात आपा गेल्या. छोटूने आईचा जनाजा फोनवर पाहिला. त्यानंतर फोन आला की तो हवेबद्दल बोले, पगाराबद्दल बोले. आईचं नाव निघालं की ‘मामी, ऑर्डर आलीय, ठेवतो’.

आमच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत दोन वस्तू होत्या. आपांच्या घराच्या चाव्यांचा जुडगा, आणि मुखत्यारपत्राचा एक मसुदा. आपांचा थोरला मुंब्र्याला असतो, त्याला घर विकायचं आहे. मुंबईचं गिऱ्हाईक लागलंय, समुद्राजवळची जागा म्हणून भाव बरा देतंय. बहिणीची हरकत नाही. छोटूने तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन सही केली की काम झालं. यावर आमच्यात एकमत नव्हतं. दुकानदाराचं म्हणणं, बंद घर वाळवी खाते, त्यापेक्षा विकून ज्याचा त्याचा हिस्सा दिलेला बरा. शिक्षिकेचं म्हणणं, ज्या पोराला आईच्या कबरीवर मूठभर माती टाकता आली नाही त्याच्यापुढे पहिल्या भेटीत हा कागद कुठल्या तोंडाने ठेवायचा? विमानात बराच वेळ यावर बोलणं झालं आणि ठरलं एवढंच की योग्य वेळ पाहून विषय काढू. योग्य वेळ पाहत आम्ही पाच दिवस चाललो.

छोटूने आमच्यासाठी मोरारिया भागात एका बांगलादेशी कुटुंबाकडे खोली घेतली होती. चौथा मजला, लिफ्ट नाही, शहात्तर पायऱ्या. तो सकाळी दहाला कामावर जाई, रात्री बाराला सुटे. सुट्टी फक्त सोमवारी. आम्ही पोचलो बुधवारी. ‘मामू, चार दिवस तुम्ही आपापले फिरा,’ तो म्हणाला. ‘ट्रॅमला रांगा असतात, चालतच जा. हरवलात तर उतार धरा, नदीवर पोचाल. नदीवरून मी घेऊन येईन.’ लिस्बनमध्ये हरवणाऱ्या माणसाला याहून चांगला सल्ला कुणी देऊ शकणार नाही. शहर सगळं टेकड्यांवर वसलंय आणि तळाशी तेजू नदी समुद्रासारखी पसरली आहे.

पहिल्या पहाटे चारलाच जाग आली, कारण गावी तेव्हा साडेआठ वाजले होते. फजरसाठी मुसल्ला अंथरला आणि दोघंही घोटाळलो. आपल्याकडे किबला म्हणजे पश्चिम, आणि कोकणात पश्चिम म्हणजे समुद्र. लहानपणापासून समुद्राकडे तोंड करून नमाज पढलेली माणसं आम्ही. इथे समुद्र पश्चिमेलाच, पण मक्का पूर्वेला, थोडीशी दक्षिणेकडे. म्हणजे समुद्राकडे पाठ करून, उगवतीकडे तोंड करून उभं राहायचं. फोनमधल्या होकायंत्रावर विश्वास ठेवला तरी पायांना पटेना. दुसऱ्या दिवशी घरमालकिणीने विचारलं तेव्हा तिला हे सांगितलं, तर ती हसली. तिचंही सुरुवातीला तसंच झालं होतं म्हणे.

गुरुवारी निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मार्तिम मोनीज नावाचा मोठा चौक. तिथून बेन्फोर्मोझो नावाच्या रस्त्याला लागलं की क्षणभर भेंडीबाजारात आल्यासारखं वाटतं. बंगाली पाट्या, हलाल मटणाची दुकानं, मोबाइल दुरुस्ती, कोथिंबिरीच्या जुड्या. चौकाचं नाव मात्र ज्याच्यावरून पडलं तो मार्तिम मोनीज हा 1147 सालच्या वेढ्यातला ख्रिस्ती सरदार. किल्ल्याचा दरवाजा मुसलमान सैनिक बंद करत होते तेव्हा त्याने फटीत स्वतःचं अंग घातलं आणि चिरडून मेला, अशी दंतकथा आहे. त्याच्या नावाच्या चौकात आज जुम्याला टोप्या घातलेली माणसं लगबगीने जाताना दिसतात.

त्या इतिहासाबद्दल थोडं. आठव्या शतकाच्या सुरुवातीपासून चारशेहून जास्त वर्षं हे शहर मुसलमानांच्या राज्यात होतं. अरबीत त्याला अल-उश्बूना म्हणत. 1147 च्या ऑक्टोबरमध्ये अफोन्सो हेन्रिकेस या राजाने ते घेतलं. धर्मयुद्धाला निघालेले इंग्रज, फ्लेमिश आणि जर्मन लोक वाटेत थांबून त्याच्या मदतीला आले होते. जे मुसलमान उरले त्यांना तटाबाहेर, किल्ल्याच्या उत्तरेच्या उतारावर वस्ती करू दिली. ‘मूर’ लोकांची वस्ती म्हणून मोरारिया. साडेतीनशे वर्षं ते तिथे राहिले, आणि 1496 च्या अखेरीला राजा मानुएलने ज्यू आणि मुसलमान दोघांनाही देश किंवा धर्म सोडायचा हुकूम काढला. म्हणजे आमची शहात्तर पायऱ्यांची खोली त्याच उतारावर होती.

आपल्या सभासंमेलनांतून अंदलुसचं नाव निघालं की उसासे टाकायची एक रीत आहे. ती आम्हीही पाळत आलो. पण त्या उतारावर राहताना उसासा आला नाही. घरमालकीण पहाटे उठून डबे भरत होती, तिचा मुलगा पोर्तुगीज पुस्तकातली कविता पाठ करत होता, आणि खाली कुणीतरी सायकलीवरून गॅसचं सिलिंडर नेत होतं. चालू वर्तमानकाळ, आमच्या व्याकरणाच्या तासाला म्हणतात तसा.

चौकातून रोसिऊच्या मैदानात आलो. तिथली फरसबंदी काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांची आहे. जमीन सपाट असूनही डोळ्यांना ती डुलताना दिसते. सगळ्या शहराचे पदपथ अशाच छोट्या छोट्या चुनखडीच्या दगडांचे, हातोडीने एकेक घडवून बसवलेले. दिसायला देखणे, पण वर्षानुवर्षं पावलांनी घासून आरशासारखे गुळगुळीत झालेले. आमच्यापैकी एकाने या प्रवासासाठी मुंबईहून कातडी तळव्याचे नवे बूट घेतले होते. घेऊ नका म्हटलेलं ऐकलं नव्हतं. रोसिऊपासून दोनशे पावलांवर ते बूट आणि त्यातला माणूस दोन्ही घसरले. लागलं नाही, पण पिशवी छातीशी धरलेली होती. पडतानाही चाव्यांचा आवाज झाला. तिथेच एका दुकानातून रबरी तळव्याचे कापडी जोडे घेतले. त्यानंतर मात्र चार पावलांचं अंतर ठेवणं परवडणारं नव्हतं. घसरणाऱ्याला धरायला कुणी शेजारी हवं.

रोसिऊच्या खाली नदीपर्यंत बायशा, म्हणजे सखल शहर. इथले रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत आणि त्यांची नावं धंद्यांवरून आहेत: चांभारांचा रस्ता, सोन्याचा, चांदीचा, कापडवाल्यांचा. 1 नोव्हेंबर 1755 ला सकाळी इथे भूकंप झाला. सणाचा दिवस, चर्चमध्ये लोक भरलेले, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी जमीन हलली, मग नदीतून समुद्र आत आला, आणि जे उरलं ते आगीत गेलं. मार्केस द पोम्बाल या मंत्र्याने सगळं नव्याने आखून घेतलं. नवी घरं भिंतींच्या आत लाकडी पिंजरा घालून बांधली, म्हणजे जमीन हलली तर चौकट हलेल पण कोसळणार नाही. हा पिंजरा टिकतो का ते पाहायला नमुना उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली होती. दुकानदाराला ही गोष्ट इतकी आवडली की त्याने ती त्या दिवसात तीनदा सांगितली, एकदा तर आम्हालाच.

नदीकाठाने डावीकडे वळलो तर रस्त्याचं नाव, बाकाल्याव विकणाऱ्यांचा रस्ता. बाकाल्याव म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा. उत्तरेच्या थंड समुद्रातून येतो आणि इथल्या लोकांचा जीव त्यावर. जवळच्याच एका दुकानाच्या दारात फळीसारखे ताठ मासे रचून ठेवलेले होते. वास आला आणि दोघंही एकदम थांबलो. सुक्या मच्छीच्या बाजारातला वास. आपांच्या घराच्या मागच्या पडवीत मे महिन्यात बोंबील वाळत असायचे, अगदी तो. आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. पुढे निघालो.

त्याच रस्त्यावर एक विचित्र घर आहे. दर्शनी भिंतीचे दगड हिऱ्यासारखे टोकदार, म्हणून ‘टोकांचं घर’. 1523 मध्ये ते ब्रास द आल्बुकर्क याने बांधलं. त्याचा बाप अफोन्सो द आल्बुकर्क. 1510 मध्ये गोवा घेऊन तिथल्या मुसलमानांची कत्तल करवणारा तोच, आणि आपण ज्याला हापूस म्हणतो त्या आंब्याच्या नावातला अफोन्सोही तोच. मे महिना होता, गावी हापूस पडत असतील, आणि आम्ही त्याच्या मुलाच्या दारात उभे. आता त्या घरात जुझे सारामागू या नोबेलविजेत्या लेखकाच्या नावाची संस्था आहे आणि त्याची रक्षा समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली आहे. लिस्बनच्या वेढ्यावरच त्याची एक कादंबरी आहे. तिच्यातला मुद्रितशोधक इतिहासाच्या पुस्तकात मुद्दाम एक ‘नाही’ घुसवतो. पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला या माणसाबद्दल सहानुभूती वाटल्याशिवाय राहत नाही.

मग चढण लागली. ‘से’ हे थोरलं चर्च जिथे आहे तिथे आधी मशीद होती. आवारातल्या खोदकामात मुसलमानी काळातले अवशेष निघाले आहेत. त्याच्याही वर सांता लुझियाचा सज्जा, बोगनवेलीने झाकलेला. तिथे चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सची दोन मोठी चित्रं आहेत. एकात भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक. दुसऱ्यात 1147 चा किल्ल्यावरचा हल्ला, पगडीवाले हरताना. शेजारच्या बाकावर एक जोडपं त्या चित्राकडे पाठ करून संत्रं सोलत होतं. या टाइल्सना पोर्तुगीजमध्ये ‘अझुलेजू’ म्हणतात आणि तो शब्द अरबी ‘अल-झुलैज’ वरून आलेला आहे. अरबांच्या पराभवाचं चित्र अरबी नावाच्या टाइलवर. साखर अरबीतून, ऑलिव्हचं तेल अरबीतून, उशीसुद्धा अरबीतून. आणि ‘ओशाला’ हा त्यांचा शब्द तर रोजच्या बोलण्यातला. अर्थ, ‘असं होवो’. मूळ आपण ओळखलंच असेल. पाऊस कधी थांबेल असं एका म्हाताऱ्याला खुणेने विचारलं तर त्याने आभाळाकडे पाहून हाच शब्द उच्चारला, आणि आमच्यापैकी एकीच्या तोंडून सवयीने ‘आमीन’ निघालं.

सज्जाखालचा उतार म्हणजे अल्फामा. नाव अरबी, ‘अल-हम्मा’, गरम पाण्याचे झरे. भूकंपातून हा भाग वाचला, म्हणून गल्ल्या अजून जुन्याच. दोघं शेजारी मावणार नाहीत इतक्या अरुंद, पायऱ्यांच्या, डोक्यावर वाळत घातलेल्या चादरी. फोनवरचा नकाशा इथे गोल गोल फिरू लागला. तासभर हिंडून तीनदा एकाच नळापाशी आलो. अखेर छोटूचा सल्ला आठवला आणि उतार धरला. दहा मिनिटांत नदी.

शुक्रवारी जुमा. मध्यवर्ती मशीद शहराच्या दुसऱ्या बाजूला आहे, पायी तासाभराची वाट, त्यात एका लांबलचक बागेची चढण. मशीद 1985 मध्ये उघडली. ती उभी करणाऱ्या जमातीची सुरुवात 1968 ची, मोझांबिकहून शिकायला आलेल्या मुलांनी केलेली. पुढे 1975 मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथली बरीच मुसलमान कुटुंबं इथे आली, त्यांतली अनेक मूळची गुजरातची. बायकांच्या जागेत शेजारी बसलेल्या बुजुर्ग खालांनी गुजरातीतच विचारपूस सुरू केली. आम्हा कोकणातल्यांना मुंबईमुळे गुजराती समजतं. जन्म मापुतोचा, तेव्हाचं लोरेन्सो मार्क्स. आईबापांच्या कबरी तिथे, आजोबांची गुजरातेत, आणि स्वतःची जागा इथल्या कब्रस्तानात. सगळं हिशेबासारखं सांगितलं. छोटूची हकिगत ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बेटा, एनी साथे घरनी वात करो. पोते नहीं पूछे.’ त्याच्याशी घराचं बोला, तो आपणहून विचारणार नाही.

हे परतीच्या वाटेवर सांगितलं तेव्हा पिशवी बाळगणारा म्हणाला, ‘मी तेच म्हणतोय.’ तेच नव्हतं. पण वाद घालायला दम उरला नव्हता, चढण होती.

शनिवार या प्रवासातला सगळ्यात सुखाचा दिवस. बायशातल्या एका गल्लीत जुनं हार्डवेअरचं दुकान दिसलं. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर नमुन्याला एकेक बिजागरी नाहीतर स्क्रू ठोकलेला, आत राखाडी कोटातले मालक. आमचा दुकानदार दारातच विरघळला. पोर्तुगीज एक शब्द येत नाही, पण भिंतीवरच्या हातोडीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘मारतूल.’ मालकांनी भुवया उंचावल्या. ‘मार्तेलु,’ ते म्हणाले. मग यांनी कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट केलं: ‘बादली.’ तिकडून ‘बाल्द’. साबण म्हटलं तर ‘साबांव’. पिंप म्हटलं तर ‘पीपा’, दारूचं पिंप असतं तशी हातांनी खूण. बूच म्हणाल्यावर मालकांनी एक खण ओढला आणि भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ते प्लास्टिकचे गट्टू पुढे ठेवले. त्यांच्याकडे ‘बूशा’ म्हणजे तेही. अर्धा तास हा खेळ चालला. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती.

आमच्या भागात याचं नवल वाटू नये खरं तर. रेवदंडा 1740 पर्यंत पोर्तुगिजांकडे होता, खाडीपलीकडच्या कोर्लईचे लोक अजून घरात पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात, तिला ‘नॉ लिंग’, आपली भाषा, म्हणतात. त्यांतले कितीतरी आमचे गिऱ्हाईक. तरीही आपल्या दुकानातला अर्धा माल आपल्याला न विचारता इथून आला होता, हे समोरासमोर कळणं वेगळं.

शेवटी यांनी पिशवीत हात घातला आणि जुडगा बाहेर काढला. ‘चावी.’ मालक म्हणाले, ‘शाव.’ मग हात पुढे करून त्यांनी तो घेतला, त्यातली मोठी लोखंडी चावी उजेडात धरून दात पाहिले आणि खुणेने विचारलं, नवीन करायची आहे का? यांनी नको म्हटलं. बाहेर आल्यावर आमच्यातल्या भाषाशिक्षिकेने सांगितलं, की पूर्वी हे लोकसुद्धा ‘च’ म्हणत, ‘श’ नंतर झाला, आपण जुना उच्चार जपून ठेवलाय. कुणी ऐकत नव्हतं. एकजण रस्त्याच्या कडेला उभा राहून जुडगा पुन्हा पिशवीत नीट बांधत होता.

त्या आनंदात पास्तेल द नाता खाल्ले. अंड्या-दुधाच्या साईची ही छोटी खारी टोपली बेकरीबेकरीत मिळते. छोटूने बजावलं होतं की आधी ‘बान्या?’ असं विचारा, म्हणजे डुकराची चरबी. बाईंनी मान हलवून ‘मान्तेइगा’ सांगितलं, म्हणजे लोणी. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणायचं आणि बाईने ‘ओब्रिगादा’. आम्ही दोघं आमच्या सवयीने एकदम बोललो आणि दोघांचंही चुकलं.

रविवारी बेलेंला गेलो, नदीकाठाने दोन तास चालत. त्याबद्दल फार लिहीत नाही. नदीकाठी दर्यावर्दींचं मोठं स्मारक आहे, त्याच्यासमोर जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा, आणि कुठल्या साली कुठे पोचले ते आकडे. हिंदुस्थानापाशी 1498. समोरच्या मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. 1502 च्या दुसऱ्या फेरीत याच माणसाने हजहून परतणारं जहाज बायकामुलांसह जाळलं होतं, हे त्यांच्याच बखरकारांनी लिहून ठेवलंय. आम्ही आत गेलो नाही. एकाचे पाय दुखत होते, दुसरीला इच्छा नव्हती.

सोमवारी छोटू आमच्याबरोबर निघाला. आम्हाला वाटलं तो दुकानं दाखवील, पण त्याने संध्याकाळी चढण धरली. सेन्योरा दु मोन्त नावाच्या शहरातल्या उंच सज्जापर्यंत. वरून समोर किल्ला, खाली आमचा उतार, लांब नदीवरचा लाल पूल आणि सगळीकडे कौलं. तांबडी, शेवाळलेली, आपल्याकडच्यासारखी. सूर्य बुडायला पावणेनऊ वाजून गेले. कठड्याशी गर्दी, सगळ्यांची तोंडं मावळतीकडे. आम्ही तिघं मागे झाडाखाली गेलो आणि त्या सगळ्यांकडे पाठ करून मगरिब पढलो.

सलाम फेरल्यावर छोटू तसाच पूर्वेकडे तोंड करून बसून राहिला. ‘इथे मला एक बरं वाटतं मामी,’ तो म्हणाला. ‘नमाजला उभं राहिलं की तोंड घराकडेच असतं.’

मग आमच्याकडे वळून, ‘मामू, पिशवीत काय आहे? पाच दिवस खांद्यावरून उतरवली नाहीत.’

दोघांपैकी कोण बोलणार याची आम्ही एकमेकांकडे वाट पाहिली. शेवटी पिशवीच त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने आधी जुडगा काढला. दिव्याच्या उजेडात एकेक चावी बोटाने वेगळी केली. पुढचं दार. पडवी. अम्मीची पेटी. ही कसली? ती कोठीच्या खोलीची, आम्ही सांगितलं. ‘हो, हिला वरून दाबायला लागतं.’ मग कागद काढला. तो दोनदा वाचला. आम्ही सांगायचं ते सगळं सांगितलं, थोरल्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाचा भाव, आणि आमच्यातली दोन मतंही.

तो बराच वेळ खालच्या कौलांकडे बघत होता. मग विचारलं, ‘घर शाकारलं कधी होतं?’

‘आपा होत्या तेव्हा.’

‘म्हणजे दोन पावसाळे तसेच.’ त्याने कागदाची घडी घालून परत दिली. ‘भाईला सांगा, मी नाही म्हणत नाहीये. कागद हातात आले की येतो, घर बघतो, अम्मीकडे जातो, मग काय ती सही. न बघता नाही करणार. तोवर कौलं चाळून घ्या, पैसे मी पाठवतो.’ जुडगा मात्र त्याने परत दिला नाही. खिशातून आपली किल्ल्यांची कडी काढली, मोठी लोखंडी चावी त्यात अडकवायला लागला. मावत नव्हती. तरी अडकवली. मग त्याच्या लक्षात आलं की कौलं चाळायला दार उघडावं लागेल. जुडग्यातल्या बाकीच्या चाव्या त्याने यांच्या हातात ठेवल्या. ‘गडी पडवीच्या दारानेच आत जातील.’

कागद कधी मिळतील असं आम्ही विचारलं नाही. उत्तर एकाच शब्दाचं होतं आणि तो आम्ही शिकलो होतो.

थोरला अजून आमच्याशी नीट बोलत नाही. त्याचं नुकसान होतंय हे खरं आहे आणि दुकानदाराचं मत अजूनही विकावं असंच आहे.

उतरताना गल्ली अरुंद होती. एकजण सवयीने पुढे गेला, पहिल्या वळणावर थांबला, आणि मागची दोघं येईपर्यंत थांबूनच राहिला.

दुसऱ्या पहाटे फजरनंतर साडेचारला, म्हणजे गावी नऊ वाजता, यांनी शाकारणीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मिरग आठ-दहा दिवसांवर आलाय, आता गडी कुठून आणू? यांनी दर वाढवला. त्याने आणखी मागितला. लिस्बनच्या चौथ्या मजल्यावरून, घरातली माणसं उठू नयेत म्हणून खिडकीबाहेर तोंड काढून, वीस मिनिटं घासाघीस चालली. अखेर शनिवारी यायचं कबूल केलं. नवी कौलं किती धरू, त्याने विचारलं. यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोन बोटं दाखवली.

‘दोनशे धरा,’ हे म्हणाले, ‘आणि पडवीचीही घ्या.’